पंधरा मिनिटांचं भूत

प्रसूतिगृहाच्या फाटकासमोर सकाळी साडेदहापासूनच माणसं जमायला लागायची. बाळंतिणींचे नातेवाईक असायचेच, पण समोरच्या गल्लीतले रिकामटेकडे, दुकानं उघडी टाकून आलेले दुकानदार आणि ज्यांच्या घरात पुढची दहा वर्षं कुणी बाळंत होण्याची शक्यता नव्हती अशी मंडळीही हजर असायची. सगळे एका जुनाट व्हॅनची वाट बघत उभे.

व्हॅन यायची. कधीकाळी पांढरी असलेली, आता जुन्या दातांच्या रंगाची, बाजूला लाँड्रीचं नाव अर्धं पुसलेलं. ती चालवणाऱ्या वहिनी गाडी बंद करून चादरी मोजायला आत जायच्या आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन चावी फिरवायच्या. स्टार्टर घरघर करायचा, घसा खाकरायचा, आणि गाडी ढिम्म.

"बघा, बघा! नाही म्हणतोय!" गर्दीतून कुणीतरी ओरडायचं आणि बायका पदर तोंडाशी न्यायच्या.

मग मौनीबाबा पुढे यायचे. बाबांनी म्हणे बारा वर्षं मौन पाळलं होतं. त्या बारा वर्षांत आत साठलेलं सगळं ते आता बाहेर काढत होते.

"ही गाडी नाही, हा पिंजरा आहे! आत पक्षी बसलाय! पक्ष्याला हाकलू नका, समजवा! आत्म्याचं कंपन आणि इंजिनाचं कंपन एकच असतं, फक्त एकाला तेल लागतं! मोठमोठ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी हे मान्य केलंय, पण जाहीर करत नाहीत. का? भितात!"

शास्त्रज्ञ कुणाला भितात हे काही बाबा सांगायचे नाहीत. ते डोळे मिटून पुटपुटायला लागायचे. पुटपुटणं बराच वेळ चालायचं. मग तांब्यातलं मंतरलेलं पाणी बॉनेट उघडून आत ओतायचे, वहिनींना खूण करायचे, आणि चावी फिरवताच गाडी अशी सुरू व्हायची की जणू काही झालंच नव्हतं. गर्दी तोंडात बोटं घालायची. लोक पुढे सरकून बॉनेटला हात लावायचे आणि खाली टपकणारं पाणी ओंजळीत धरायचे.

गाडीत बसलेला पक्षी म्हणजे वहिनींचा नवरा. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, म्हणून या वहिनी. भाऊ वीस वर्षं हीच व्हॅन घेऊन दवाखान्यांचे मळके कपडे गोळा करायचे आणि धुऊन परत पोचवायचे. पाच आठवड्यांपूर्वी याच फाटकासमोर, इंजिन चालू असताना, त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. त्यांना उचलून आत नेलं, वॉचमनने गाडी बंद केली आणि थोड्या वेळाने बाजूला घ्यायला गेला, तर गाडी सुरू होईना. "मालक गेला आणि त्याच घटकेला गाडीनंही प्राण सोडला," हे वाक्य वॉचमनने त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीचं झालं होतं.

वहिनींना मात्र काहीच वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर जबडा आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. अजून एकदाही त्या रडल्या नव्हत्या. लोक सांत्वनाला आले, त्यांना त्यांनी पाणी दिलं. तेरा-चौदा दिवसांनी काम परत सुरू केलं, कारण सकाळी उठून काय करायचं ते दुसरं सुचेना. भाऊंनी गाडी चालवायला शिकवलेली होती. पण त्यांच्यासारखी गठ्ठे फेकाफेक वहिनींना जमत नव्हती. त्या गाडी नीट बंद करायच्या, आत जायच्या आणि एकेक चादर, एकेक लंगोट मोजायच्या. मोजताना डोक्यात आकडे असायचे आणि आकड्यांना काही वाटत नाही.

गाडी अडायला लागली तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही. बाबांनी "तुझा धनी आत आहे" म्हटलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. आत असेल तर असो.

सासूबाईंचं तसं नव्हतं. दुपारी गाडी लाँड्रीच्या अंगणात उभी राहिली की त्या डाव्या बाजूच्या सीटवर चढून बसायच्या आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटशी बोलायच्या. गुडघा दुखतो, नळाला पाणी कमी येतं, सूनबाई नीट जेवत नाही. वहिनी आतून कपड्यांच्या घड्या घालताना ते ऐकायच्या.

आणि मग बाबांनी निकाल दिला. "ही आता वाहन नाही, हे स्थान आहे. स्थानानं गल्लोगल्ली मळके कपडे गोळा करत फिरायचं? आत्मा तळमळतोय! येत्या शुक्रवारी मी स्वतः ती चालवत मठात नेईन. तिथं तिला शांती मिळेल."

"नेऊ दे, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "त्याला त्रास नको. मठात जाऊन मी त्याच्याशी बोलेन."

गाडी गेली की लाँड्री गेली, हे वहिनींना कळत होतं. त्या "बरं" म्हणाल्या. हल्ली त्या सगळ्यालाच बरं म्हणत.

*

मोठ्या सिस्टर मात्र बरं म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या, आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाचं बाळ गप्प व्हायचं. सोमवारी त्या फाटकाबाहेर आल्या त्या एका नातेवाइकाची फॉर्मवर सही घ्यायला. गर्दीत एक तरुण बाप दोन दिवसांच्या बाळाला दुपट्यात धरून रांगेत उभा दिसला. सिस्टरनी सवयीने बाळाच्या कपाळाला हात लावला.

"अहो, हे भाजतंय! कधीपासून?"

"पहाटेपासून. दूधही ओढत नाही. बाबांचं पाणी लावतो आणि मग आत..."

"रांगेत किती वेळ उभे आहात?"

"पाऊण तास झाला असेल."

सिस्टरनी बाळ त्याच्या हातातून घेतलं आणि आत पळाल्या. बाळ वाचलं. पण बालरोगतज्ज्ञ हात धुताना म्हणाल्या की अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दुपारी सिस्टरनी वहिनींना कपड्यांच्या खोलीत गाठलं. वहिनी मोजत होत्या, एक्केचाळीस, बेचाळीस.

"वहिनी, तुमच्या गाडीपायी आज एक पोर गेलं असतं."

वहिनी त्रेचाळीसवर थांबल्या. "मी काय करू? ती सुरूच होत नाही."

"कधी होत नाही?"

"इथे आली की."

"सकाळी घरून निघताना?"

"एका चावीत होते."

"इथे यायच्या आधी कुठे थांबता?"

"दातांच्या दवाखान्यात. तिथे काही होत नाही. तिथे टॉवेलचं एकच गाठोडं असतं, तीन मिनिटांत निघते. इथून लाँड्रीत गेले की दुपारभर उभी असते. संध्याकाळी परत एका चावीत."

सिस्टरनी खिशातून एक कोरा कागद काढला. रोग्याच्या पलंगाला लावतात तो, तापाचा तक्ता. "माझ्याकडे ताप आलेलं माणूस आलं की मी त्याला कुणी झपाटलंय का ते विचारत नाही. किती वाजता चढला, किती वाजता उतरला, ते लिहिते. तुम्हीही लिहा. गाडी बंद कधी केली, चावी परत कधी फिरवली, झाली की नाही. आणि उद्या जरा उलटं करा. दातांच्या दवाखान्यात पंधरा मिनिटं बसा आणि इथे तीन मिनिटांत निघा."

"त्यानं काय होईल?"

"मलाही माहीत नाही. म्हणून तर लिहायचं."

*

मंगळवारी वहिनींनी दातांच्या दवाखान्यासमोर गाडी बंद केली, टॉवेल घेतले आणि घड्याळाकडे बघत गाडीत बसून राहिल्या. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली. घरघर, खाकरणं, ढिम्म.

इथे गर्दी नव्हती, बाबा नव्हते, आणि भाऊंचे दात तर शेवटपर्यंत धड होते. त्यांच्या आत्म्याला इथे अडून बसायचं काही कारणच नव्हतं. वहिनींनी तक्त्यात लिहिलं: पंधरा मिनिटं, नाही. पेन ठेवायला हात मागे नेला तर सीटमागे काहीतरी लागलं.

प्लॅस्टिकची बाटली होती. पाण्याने अर्धी भरलेली, झाकणाला तापलेल्या सळईने पाडलेली सहा भोकं. ही बाटली वहिनींनी पूर्वीही पाहिली होती. इस्त्रीचे कपडे शिंपडायला असेल असं समजून परत तिथेच ठेवली होती. पण शिंपडायचा पंप लाँड्रीत होता. गाडीत कुणी इस्त्री करत नाही.

त्या खाली उतरल्या. बॉनेटचा खटका सापडायला त्यांना सुरुवातीला चार दिवस लागले होते. तो समोर नाही, आडबाजूला दिव्याच्या मागे होता, आणि वर उचलून डावीकडे दाबावा लागायचा. तो दाबताना त्यांच्या मनात एक गोष्ट पहिल्यांदाच आली. मौनीबाबांना हा खटका पहिल्याच दिवशी, पहिल्याच फटक्यात कसा सापडला?

आत सगळं काळंकुट्ट, वीस वर्षांच्या तेलकट धुळीने माखलेलं. एकच जागा सोडून. एका बाजूला मुठीएवढा लोखंडी डबा होता, त्यातून बारीक नळ्या इंजिनाकडे गेलेल्या. तो तेवढा धुतल्यासारखा स्वच्छ होता, आणि त्याच्याखाली गंजाचे जुने, जाड ओघळ. बाबांना येऊन अडीच आठवडे झाले होते. एवढा गंज अडीच आठवड्यांत चढत नाही.

वहिनींनी बाटली उलटी केली. सहा भोकांतून पाणी त्या डब्यावर पडलं, चर्र झालं, वाफ निघाली. त्यांनी बाटली रिकामी केली, गाडीत बसून चावी फिरवली. दोनदा घरघर झाली आणि गाडी सुरू झाली.

दातांच्या दवाखान्यातून कुणीतरी खिडकीतून डोकावलं आणि परत आत गेलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. वीस वर्षं ह्या माणसाने घरी येऊन नळाची गळती, वॉचमनची सर्दी, सगळं सांगितलं होतं. एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

मग आठवलं. गाडी शिकवताना ते म्हणाले होते, "फेरीत असताना इंजिन बंद करू नकोस." वहिनींना वाटलं होतं, यांची आळशी सवय. भाऊ गाडी चालूच ठेवून गठ्ठे फेकायचे आणि निघायचे. कधी बंद पडलीच तर बाटली. गाडी त्यांच्या काळात कधीच अडली नाही असं गल्ली शपथेवर सांगत होती. गाडी तेव्हाही आजारीच होती, फक्त तिला सांभाळणारा माणूस होता.

प्रसूतिगृहासमोर त्या दिवशी वहिनी तीन मिनिटांत बाहेर आल्या. बाबांनी अजून घसाही साफ केला नव्हता तोवर गाडी एका चावीत सुरू झाली. गर्दीची फार निराशा झाली. "आज त्याचा मूड चांगला दिसतोय," वॉचमन म्हणाला.

*

शुक्रवारी गर्दी दुप्पट होती. बाबा नवे कपडे घालून आले होते. सासूबाईंना कुणीतरी खुर्ची दिली होती. वहिनींनी गाडी आणून बंद केली, आत जाऊन चादरी मोजल्या, आणि बाहेर आल्या त्या मोठ्या सिस्टरना घेऊनच. चावी फिरवली. घरघर, ढिम्म.

"अडलाय! जाण्याआधी निरोप घेतोय!" बाबा पुढे झाले. "शांतता! जपाला बसतो."

"किती वेळ बसाल, बाबा?" सिस्टरनी विचारलं.

"आत्मा मागेल तितका."

"तो रोज पस्तीसच मिनिटं मागतो. दोन दिवस वरच्या खिडकीतून घड्याळ लावून बघतेय मी. आज जाण्याचा दिवस आहे, मुहूर्त टळायला नको. पाच मिनिटांत आटपा ना. तुमची शक्ती काय घड्याळावर चालते का?"

गर्दीत कुणीतरी हसलं. बाबांनी त्या दिशेला डोळे वटारले.

"आणि आणखी एक," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता, चादरी मोजतानाचा. "हे बसायचे ते सीटवर. बॉनेटमध्ये कधी बसले नाहीत. पाणी सीटवर शिंपडा."

"मूर्ख बाई! आत्म्याचं हृदय इंजिनात असतं!"

"मग टपावर ओता. हृदयापर्यंत झिरपेल की," सिस्टर म्हणाल्या. "की तुमचं पाणी एकाच ठिकाणी चालतं?"

आता गर्दीलाच चेव आला. "होऊन जाऊ दे बाबा! टपावर ओता!" भक्तच ते, त्यांना बाबांची खात्री होती. बाबांची मात्र पाचावर धारण बसली. त्यांनी पाच मिनिटं पुटपुटून टपावर तांब्या रिकामा केला. वहिनींनी चावी फिरवली. ढिम्म. परत फिरवली. ढिम्म.

"अश्रद्ध बाई जवळ उभी आहे! कंपन बिघडलं!"

वहिनी खाली उतरल्या. बॉनेट उघडलं, फाटकाजवळच्या नळावर बाटली भरली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "हे नळाचं पाणी. मंत्र येत नाहीत मला." मग ती लोखंडी डब्यावर ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि गाडीत जाऊन चावी फिरवली.

गाडी सुरू झाली.

सिस्टरनी तापाचा तक्ता वर धरला. "या गाडीला भूत नाही, ताप आहे. बंद करून तीन मिनिटांत सुरू केली, होते. पंधरा मिनिटांनी होत नाही. पाऊण तासाने, कुणी हात न लावता, आपोआप होते. काल लाँड्रीच्या अंगणात आम्ही तेही करून पाहिलं. बाबांचा जप म्हणजे गार होण्याची वाट बघणं. आणि बाबा, बॉनेटचा आडबाजूचा खटका तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणी दाखवला?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी मौनीबाबा पहिल्यांदा आपल्या नावाला जागले. नवे कपडे सावरत ते गर्दीतून वाट काढत गेले ते परत दिसले नाहीत.

सगळ्यांना पटलं असं मात्र समजू नका. "बाबांच्या कालच्या पाण्याचा गुण अजून टिकून असेल," असं म्हणणारे दोघेजण तिथेच होते. वॉचमन त्यांतला एक.

*

उरलेलं गॅरेजवाल्याने हात पुसत पुसत सांगितलं. "हा डिझेलचा पंप. आतून झिजलाय. थंड डिझेल जरा जाड असतं, म्हणून निभतं. गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून मागच्या मागे निसटतं. मग स्टार्टरच्या फिरण्यानं लागतो तेवढा दाब येत नाही. गाडी चालू असते तोवर टाकीतलं ताजं डिझेल पंपाला गार ठेवतं. बंद केली की ते थांबतं, आणि शेजारचं तापलेलं इंजिन त्याला भाजत बसतं. दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त. पाणी ओतलं की पंप गार, गाडी सुरू. जुन्या प्रत्येक ड्रायव्हरला हे ठाऊक असतं."

"मौनीबाबांना कसं ठाऊक?"

"कोण, तो? बाबा व्हायच्या आधी बरीच वर्षं ट्रकवर होता की. चालवायचा बरा." त्याने जुना पंप काढून फडक्यावर ठेवला. "पण पाणी हा इलाज नव्हे हां, वहिनी. तापलेल्या पंपावर गार पाणी ओतत राहिलात तर एक दिवस आतून आवळून बसतो. भाऊंना दहादा सांगितलं होतं, पंप बदला. बघू, बघू करत राहिले."

वहिनींना एकदम हसू आलं. बघू, बघू. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरकडे चला म्हटलं तेव्हाही हेच म्हणाले होते.

घरी सासूबाई अंगणात व्हॅनच्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या होत्या. वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं, पंप, डिझेल, बाटली.

"म्हणजे तो गाडीत नाहीच?"

"नाही, आई."

"नव्हताच?"

"नव्हते."

सासूबाईंनी बाटली हातात घेतली, झाकणाच्या भोकांवरून बोट फिरवलं. "मग मी आता कुणाशी बोलू गं?"

"माझ्याशी बोला. मी ऐकतच असते."

प्रसूतिगृहाच्या फाटकावर मोठ्या सिस्टरनी तो तापाचा तक्ता चिकटवला. तीन उभ्या रांगा, वेळा, झाली, नाही. कुणीही आपलं घड्याळ लावून ताडून बघावा असा. आणि खाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: बाळाला ताप आला तर आधी आत या. गाडी बिघडली तर गॅरेजला न्या. माणूस गेला असेल तर रडा. एवढ्याशा गोष्टींसाठी कुणा बाबाची गरज नाही.

नवा पंप बसल्यावर वहिनी पहिल्यांदा फेरीवर निघाल्या. फाटकासमोर आल्या तेव्हा तिथे नेहमीचे नातेवाईक तेवढे होते. त्यांनी गाडी बंद केली, आत जाऊन अठ्ठावन्न चादरी आणि नव्वद लंगोट मोजले, सावकाश. पंधरा मिनिटं झाली. बाहेर येऊन सीटवर बसल्या. हात सवयीने सीटमागे गेला. बाटली आता घरी होती.

त्यांनी चावी फिरवली.

गाडी एका चावीत सुरू झाली. कुणी अडवलं नाही, कुणी निरोप घेतला नाही. वहिनींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, जिथे भाऊंनी टेकलं होतं तिथेच, आणि त्या रडल्या. वॉचमन घाबरून धावत आला आणि गाडी बंद करायला त्याने चावीकडे हात नेला.

"राहू द्या," त्या रडता रडता म्हणाल्या. "काही झालेलं नाही. ते गेलेत, एवढंच."